पाणघोड्याचे बाकीचे भाग

"पुढे ढकलू नकोस! मागे घे. मागे घे म्हणतो ना!"

"बाबा, सुरुवातीचं गाणं कोण ऐकतं?"

"आम्ही ऐकायचो."

"तुमच्याकडे वगळायचं बटण नव्हतं म्हणून."

"बटण नव्हतं, पण वळण होतं! आणि आधी नीट बस. पाय खाली. हे असं पालथं पडून बघायचं काम नाही."

"बघायला डोळे लागतात. पाय कशाला?"

"हिला जरा सांगशील का?" हा प्रश्न स्वयंपाकघराच्या दिशेने फेकलेला होता.

"मी कुणाला काही सांगणार नाही," तिकडून उत्तर आलं. "आठवडाभर या घरात मी फक्त पाणघोडा ऐकतेय. काल दुकानात गिऱ्हाईकाला चष्मा लावून बघायला दिला, तर मलाच त्याच्या जागी पाणघोडा दिसला."

भांडणाऱ्या दोघांपैकी थोरला लिफ्टचा मिस्तरी. धाकटी त्याची मुलगी, वय नऊ. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. स्वयंपाकघरातली बायको चष्म्याच्या दुकानात काम करते, आणि घरात काय चाललंय हे तिला बहुधा न बघताच दिसतं.

मिस्तरीला सगळे लिफ्टवालाच म्हणतात. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या पोटात तो उतरून आलाय. दोन भिंतींमधल्या त्या उभ्या काळोखात ग्रीसचा वास, वर लोंबणारे दोर आणि खाली खोल कुठेतरी पडलेली कुणाची तरी किल्ली. त्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही. दिवसभर लोकांना वर पोचवून संध्याकाळी हा माणूस चार मजले चढतो आणि दारात पोचल्यावर म्हणतो, "देखभालीअभावी गुडघे बंद."

त्याच्या धंद्यातली एक गोष्ट मात्र त्याला कुणी शिकवलेली नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतल्या माणसाला दोनच गोष्टी सुचतात: दाराला लाथा घालणं आणि दाराच्या फटीत बोटं घालणं. दोन्ही वाईट. त्याला तसं करू द्यायचं नाही, तर तोंडाने गुंतवून ठेवावं लागतं. इतर मिस्तरी म्हणतात, "साहेब, घाबरू नका." घाबरू नका म्हटलं की माणूस जास्त घाबरतो. लिफ्टवाला दारापाशी कान लावतो, एक ठोका मारतो आणि विचारतो, "पाणघोड्याची गोष्ट माहीत आहे?"

आतून हमखास येतं, "कसला पाणघोडा?"

झालं. माणूस सुटला नाही तरी सुटला.

मग तो वरच्या मशीनच्या खोलीत जातो, इंटरकॉम चालू करतो आणि लिफ्टचा डबा हाताने फिरवून मजल्याशी आणेपर्यंत सांगत राहतो. एक अंधारी गुहा. छतातून लटकणारे पांढरे दगड. गुहेच्या तोंडाशी पहारेकरी म्हणून एक पाणघोडा. काळे कोट घातलेले डाकू येतात, हातात हातोड्या. पाणघोडा म्हणतो, "साहेब जेवायला गेलेत, नंतर या." डाकू म्हणतात, "आम्ही घरचेच आहोत." पाणघोडा मूर्ख, आत सोडतो. डाकू दगड फोडायला लागतात. मग वरून झेप घेत येते बदकीण, हातात लांब दांड्याचा झाडू. "आधी बूट काढा!" म्हणून ओरडते आणि एकेकाला बडवते. मग गुहेत बर्फ पडतो. मग पूर येतो. डाकू वाहून जातात. दर वेळी भाग वेगळा. डाकूंचा संप. पाणघोड्याची बढती. डाकूच्या बायकोला जुळं होतं तो भाग. बदकीण नवऱ्याशी भांडून गुहेतच राहायला येते तो भाग.

ही सगळी त्याच्या लहानपणच्या कार्टूनची कमाई. वीस वर्षं तो ती अनोळखी माणसांना वाटत आला होता. एक करसल्लागार तर त्याचा कायमचा श्रोता. त्याच्या जुन्या इमारतीची लिफ्ट सारखी अडके, आणि अलीकडे ती अडकायला हवी त्यापेक्षा जास्त अडकते, असं लिफ्टवाल्याचं मत होतं. एकदा डबा मजल्याला लागून दार उघडलं, तरी करसल्लागार आतच उभा. म्हणे, "संपापर्यंत आलो होतो आपण."

फक्त भिंगरीला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. एक अक्षर नाही. तोंडी सांगून वाया घालवायचं नव्हतं त्याला. तिला खरं दाखवायचं होतं, पडद्यावर. त्यासाठी त्याने जुन्या कॅसेटवाल्यांची दुकानं पालथी घातली, शाळेतल्या मित्रांना विचारलं. त्याच्या वयाच्या एकाही माणसाने ते कार्टून पाहिलेलं नव्हतं. पाहिलेली माणसं जगात दोनच, तो आणि त्याची ताई. यात काही गडबड असेल हे त्याच्या कधी डोक्यात आलं नाही. त्याला वाटे, लोकांची स्मरणशक्तीच गेली आहे.

घाईचं कारण वेगळं होतं. भिंगरी आणि तो यांच्यात हल्ली रोज एकच संभाषण व्हायचं. ती विचारायची, "चार्जर कुठाय?" तो सांगायचा. ती जायची. तिचं कार्टून तिच्या टॅबमध्ये, कानात इयरफोनची बोंडं, दार लोटलेलं. ती एकटीच खदाखदा हसायची आणि तो बाहेर बसून त्या हसण्याला कारण काय असेल याचा अंदाज बांधायचा. एकदा त्याने बायकोला सांगितलं होतं, "मला फार काही नको. एकदा, एका जागी, एकाच वेळी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो, की बास."

"मग पाय घसरून पड," बायको म्हणाली. "आम्ही दोघीही हसू."

"तीन हसले तर चालणार नाही. दोघंच."

गेल्या आठवड्यात लिफ्टवाला एका कॅसेटवाल्याला फोनवर विचारत होता, ते ऐकून भिंगरीने रिमोट तोंडाशी धरला आणि कंटाळून म्हणाली, "पाणघोडा, गुहा, काळे कोटवाले डाकू." टीव्हीने क्षणभर विचार केला आणि ते समोर ठेवलं. इतक्या वर्षांचा शोध पाच शब्दांत मिटला. लिफ्टवाल्याने तिला बघू दिलं नाही. स्वतःही बघितलं नाही. रविवारपर्यंत थांबायचं. दोघांनी मिळून. अंघोळ करून.

तर हा तो रविवार, आणि गाणं सुरू झालं होतं. लहान मुलांचा एक गोड थवा गात होता: वरून खाली, खालून वर, आतून बाहेर, फिर फिर फिर.

"हे गाणं असं नव्हतं," लिफ्टवाला म्हणाला.

"मग कसं होतं?"

त्याने तोंड उघडलं. आठवेना. "वेगळं होतं."

पडद्यावर नाव आलं. भिंगरीने ते मोठ्याने वाचलं. "चमचम पाणघोडा. दातांची निगा. वय तीन ते पाच." तिने वडिलांकडे वळून पाहिलं. "बाबा, मी नऊ वर्षांची आहे. तू तर..."

"ते कंपनीने काहीतरी चुकीचं टाकलंय. पुढे बघ. आता गुहा येईल. आली बघ! आली! बघ ते दगड!"

"ही गुहा नाहीये."

"गुहाच आहे. छतातून लटकतायत बघ."

"हे तोंड आहे, बाबा. पाणघोड्याचं. ते दात आहेत. खालीपण आहेत, हे बघ, खालचे."

खालचे दात लिफ्टवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. गोल, टपोरे, ओळीने बसलेले. तो उठून पडद्याजवळ गेला आणि त्यांना बोट लावून आला, जणू लिफ्टच्या खड्ड्यात कुणीतरी त्याला न विचारता जिना बांधला होता.

काळे कोटवाले आले. हातात हातोड्या होत्या, तेवढं खरं. पण त्यांच्या छातीवर 'कीड' असं लिहिलेलं होतं. आणि ते 'आम्ही घरचेच आहोत' म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "गोड खाऊन तोंड न धुणारी मुलं आम्हाला फार आवडतात!" पाणघोडा म्हणाला, "अरे बापरे! आता मी काय करू, मित्रांनो?" आणि थांबून घरातल्या सगळ्यांकडे अपेक्षेने बघत राहिला.

"साहेब जेवायला गेलेत म्हण," लिफ्टवाला पडद्याला हळूच म्हणाला.

पाणघोडा म्हणाला, "बरोबर! दात घासायचे!"

बदकीण आली. बदकिणीच्या हातात टूथब्रश होता. बर्फ नव्हता, फेस होता. पूर नव्हता, चूळ होती.

"बदकांना दात असतात?" भिंगरीने विचारलं.

अकरा मिनिटांत कार्टून संपलं, आणि टीव्ही म्हणाला की तुम्हाला हे आवडलं असेल तर तुम्हाला हात धुण्याचाही कार्यक्रम आवडेल.

"आवडलं नाही म्हणून मला ओरडणार आहेस का?" भिंगरी म्हणाली.

"हे ते नव्हेच."

"पाणघोडा आहे, डाकू आहेत, काळे कोट आहेत."

"हा एकच भाग आहे! बाकीचे भाग कुठे आहेत? आणि आवाज चुकीचा लावलाय. आवाज बदल."

भिंगरीने आवाजांची यादी उघडली. चौदा भाषा. त्याने चौदाही ऐकल्या. चौदा भाषांत पाणघोडा दात घासत होता, आणि एकाही भाषेत साहेब जेवायला गेलेले नव्हते.

मग त्याने ग्राहक सेवेला फोन लावला.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?"

"तुमच्याकडे एक पाणघोडा आहे."

"एक मिनिट हं सर. ...हो सर, आहे."

"त्याचा आवाज बरोबर नाही."

"आवाज कमी येतोय का, सर?"

"येतोय. पण तो भलतंच बोलतोय."

"म्हणजे तोंड आणि आवाज जुळत नाहीये?"

"तोंड जुळतंय. मत जुळत नाहीये."

मग बिचारी म्हणाली, "सर, पाणघोड्याने काय म्हणायला हवं होतं?"

"साहेब जेवायला गेलेत, नंतर या."

"ठीक आहे सर, मी नोंदवून घेते. सर, कुठले साहेब?"

"ते कधी दाखवत नाहीत."

"आणि ते... कधी येतील?"

"कधीच येत नाहीत. तीच तर गंमत आहे!"

"हो सर," ती म्हणाली, आणि तिला खुदकन हसू आलं. ते दाबत तिने तक्रार क्रमांक दिला. "आणखी काही मदत, सर?"

"डाकूंचा संप शोधून ठेवा."

मिस्तरीची ताई दुपारी आली. ती बस स्थानकावर घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली उशिरा, कुठली रद्द. आठवड्याचे सहा दिवस सगळं शहर तिचा आवाज ऐकतं, म्हणून रविवारी ती तोंड शक्यतो बंद ठेवते. मानेनं हो, हातानं नाही. चहा हवा असेल तर भुवई.

भावाने तिला दारातच धरलं. "ताई, बस. हे बघ आणि सांग, हे आपलं कार्टून आहे का."

ताईने अकरा मिनिटं बघितलं. शेवटी मान हलवली: हो.

"हे? हे आपलं? अगं, मग आवाज?"

ताईने हात हलवला: नव्हता.

"नव्हता म्हणजे?"

आता मात्र बोलणं भाग होतं. ताईने घसा साफ केला. "अरे, दंतवैद्याचा दवाखाना. कोपऱ्यावरचा. बाहेरच्या खोलीत मुलांसाठी टीव्ही लावायचा तो. आपण रस्त्यावर, काचेबाहेर उभे राहायचो. काच बंद. ऐकू कुठून येणार?"

"मला ऐकू यायचं."

"तुला मी ऐकू यायचे."

लिफ्टवाला बसला. त्याला सगळं आठवत होतं, फक्त काच आठवत नव्हती. आता आठवली. थंड, नाकाला लागणारी. श्वासाने धुरकट व्हायची आणि ताई बाहीने पुसायची.

"खालचे दात?" त्याने विचारलं.

"खिडकीत कुंडी होती. हीऽऽ मोठी पानं. टीव्हीचा खालचा अर्धा भाग कधी दिसलाच नाही आपल्याला."

"आणि बाकीचे भाग?"

"कसले भाग? एकच टेप होती रे त्याच्याकडे. संपली की पुन्हा लावायचा."

"संप होता डाकूंचा!"

"आपले बाबा संपावर होते तेव्हा."

"पाणघोड्याची बढती?"

"मला शाळेत वरच्या तुकडीत घातलं."

"डाकूच्या बायकोला जुळं?"

"वरच्या मजल्यावरच्या काकू."

"आणि बदकीण नवऱ्याशी भांडून..."

"ते जाऊ दे," ताई म्हणाली. "आई कामावरून येईपर्यंत तुला गप्प ठेवायचं काम माझ्याकडे होतं. रडलास की सगळा रस्ता गोळा करायचास. तोंडाला येईल ते बोलायचे मी. मला वाटलं, तुला माहीत आहे."

"मला कसं माहीत असणार!"

"अरे, बदक टूथब्रश घेऊन बूट काढा म्हणतंय. तुला बेचाळीस वर्षांत शंका आली नाही?"

स्वयंपाकघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बायको हसू लपवायला भांडी पाडत होती.

इथे गोष्ट संपली असती. पण भिंगरीने कानातली बोंडं काढली होती. ती कधी काढली कुणाच्या लक्षात आलं नाही. ती आत्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तू दात घासायच्या जाहिरातीतून एवढं सगळं काढलंस?"

ताईने खांदे उडवले.

"करून दाखव."

ताईने बोटाने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. रविवार.

"आत्या, प्लीज! बाबा डाकू होईल."

भिंगरीने टीव्हीचा आवाज बंद केला. सोफ्यावरची उशी उचलून टीव्हीसमोर उभी केली, खालचा अर्धा पडदा झाकला. दात गेले, गुहा परत आली. लिफ्टवाला नकळत सरसावून बसला. हाताचे तळवे त्याने पँटला पुसले.

डाकू आले. तो म्हणाला, "आम्ही घरचेच आहोत!"

ताईने तोंड उघडलं. पण वीस वर्षं घोषणा केलेल्या गळ्यातून दुसरा पाणघोडा निघेना. "कृपया लक्ष द्या. साहेब जेवायला गेलेले आहेत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"ताई, असं नव्हतं! जरा जाडा आवाज! आणि दिलगीर कशाला? तो कधीच दिलगीर नसायचा."

"माझा घसा आता सरकारी आहे. आहे त्यात भागव."

बदकीण पडद्यावर आली. ती भिंगरीकडे होती. भिंगरीने कमरेवर हात ठेवले आणि ठणकावलं, "थांबा! मोबाइलवर ओटीपी आलाय, तो सांगा!"

"ओटीपी?" लिफ्टवाला डाकूपणातून बाहेर आला. "बदकीण बूट काढा म्हणते."

"माझी बदकीण ओटीपी म्हणते."

"त्या काळी ओटीपी नव्हता!"

"त्या काळी आवाजही नव्हता!"

ताईने टाळीसाठी हात वर केला आणि भावाचं तोंड बघून केसांवरून फिरवला.

"पुन्हा पहिल्यापासून," लिफ्टवाला म्हणाला. "मी सांगतो तसं म्हण. आधी 'ए काळतोंड्यांनो', मग 'बूट काढा', मग जरा थांबायचं, मग..."

"मग तूच बघ तुझा पाणघोडा!" भिंगरी म्हणाली. उशी पडली. खालचे दात पुन्हा दिसायला लागले. आतल्या खोलीचं दार धाडकन लागलं.

"बरं चाललं होतं," ताई म्हणाली.

"चुकीचं चाललं होतं."

"बरोबर कुठलं ते मला विचार ना. मी केलंय ते. तू एवढासा होतास, तू पण मधे मधे बोलायचास. मी कधी तुला नाही म्हटलं नाही. एकदा तर तू डाकूंना गणिताचा गृहपाठ दिला होतास." तिने चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी होती. जाता जाता दारातून म्हणाली, "आजचे माझे शब्द संपले. उद्या स्थानकावर ये."

बायकोची दुपारची दुकानाची वेळ झाली, तीही निघाली. घरात उरले भांडलेले दोघं आणि मध्ये एक बंद दार. त्याच वेळी फोन वाजला. करसल्लागाराच्या इमारतीतून. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकली होती. आत कोण, हे विचारायची गरज नव्हती.

लिफ्टवाल्याने दारावर एक ठोका मारला. सवयीने. "भिंगरे, चल. तुला एकटं ठेवता येणार नाही."

"मी येणार नाही."

"टॅब घे हवं तर."

"चार्ज नाहीये."

दार उघडलं. ती त्याच्याकडे न बघता जिना उतरली. रस्ताभर दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर होतं.

चौथ्या मजल्यावर पोचल्यावर त्याने लिफ्टच्या बंद दाराला कान लावला. आतून प्रसन्न आवाज आला, "आलात का? सावकाश होऊ द्या, मला घाई नाही."

लिफ्टवाल्याने भिंगरीला दारापासून हातभर लांब, जिन्याच्या पायरीवर बसवलं. "दाराला हात लावायचा नाही. त्यांनाही लावू द्यायचा नाही. मी वर जाऊन डबा फिरवतो. तोवर त्यांच्याशी बोलत राहायचं. मध्ये थांबायचं नाही."

"काय बोलू?"

भांडणानंतर पहिल्यांदा तिने त्याला काहीतरी विचारलं होतं. "काहीही," तो म्हणाला आणि वर गेला.

मशीनच्या खोलीत त्याने मुख्य वीज बंद केली, चाकाला दांडा लावला आणि सवयीने इंटरकॉम चालू केला. इंटरकॉममधून फक्त डब्यातलं ऐकू येतं. करसल्लागाराचा आवाज स्पष्ट येत होता. दाराबाहेरच्या भिंगरीची नुसती गुणगुण, शब्द एकही लागत नव्हता.

"कोण? ...अच्छा, त्यांची मुलगी का! ...हो, माहीत आहे की मला पाणघोडा, आमची जुनी ओळख. ...काय? तोंड? गुहा म्हणजे पाणघोड्याचंच तोंड? अरे देवा! म्हणजे तो स्वतःच्याच तोंडाशी पहारा देतोय?"

लिफ्टवाल्याने कपाळाला हात लावला. सगळं फोडलं कार्टीने. त्याने ब्रेक सैल केला आणि चाक अर्धा फेरा फिरवलं.

"...बरं. डाकू आले. ...घरचेच आहोत म्हणाले, ते म्हणतातच. ...ओटीपी? मग, होता का त्यांच्याकडे? ...नाही? साहेबांच्या मोबाइलवर गेला? आणि साहेब..."

गुणगुण.

"...जेवायला गेलेत!" करसल्लागार डब्यात असा हसला की दोर थरथरले.

आणि लिफ्टवाला हसला. वर, एकटा, ग्रीसच्या वासात, दांड्यावर डोकं टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कारण हे बरोबर होतं. ताईला सुचलं नसतं, त्याला सुचलं नसतं, पण हे पाणघोड्याचंच होतं. इंटरकॉममधून, करसल्लागाराच्या हसण्यामागून, आणखी एक बारीक खिदळणं येत होतं. टॅबवर खदाखदा हसायची तेच. एकाच वेळी ते दोघंही हसत होते, एकाच गोष्टीला, मध्ये तीन मजले आणि एक करसल्लागार.

त्याने चाक आणखी फिरवलं नाही. जरा थांबला. मग अगदी थोडं फिरवलं.

"...म्हणजे सगळे आत? डाकू आत, बदकीण आत, डाकूची बायको जुळं घेऊन आत? ...आणि बदकिणीच्या झाडूचा केस पाणघोड्याच्या नाकात? अगं, मग त्याला शिंक... हां, येणारच! ...तोंड मिटलं तर सगळे आत अडकणार. शिंकला तर सगळे बाहेर उडणार. ...मग? मिटतोय? की येतेय?"

दांड्याला सूक्ष्म धक्का बसला. डबा मजल्याला लागला होता. लिफ्टवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की जरा मागे न्यावा. पण काम ते काम. त्याने ब्रेक आवळला आणि गुडघ्यांची पर्वा न करता जिने उतरत धावला.

चौथ्या मजल्यावर त्याने चावी लावून दार सरकवलं. करसल्लागार बॅग छातीशी धरून आत उभा होता, बाहेर यायला तयार नाही. भिंगरी पायरीवर पाय हलवत बसली होती.

"बाहेर या, साहेब," लिफ्टवाला धापा टाकत म्हणाला.

"थांबा हो. आधी हिला सांगू द्या. शिंक आली की नाही?"

भिंगरीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

लिफ्टवाला करसल्लागाराच्या शेजारी, डब्याच्या उंबऱ्यावर टेकला. "भिंगरे," तो म्हणाला, "आली का गं?"

भिंगरी उठली, फ्रॉक झटकला, त्याच्या पिशवीतला टॉर्च उचलून खांद्यावर टाकला, जसा बदकीण झाडू टाकते, आणि "बाकीचं पुढच्या भागात!" म्हणून जिना उतरून निघून गेली.